उबदार बेसमेंट, आठ सोप्या पायऱ्यांत

ही मार्गदर्शिका न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय असल्या राज्यांत घर घेतलेल्या आणि आयुष्यात प्रथमच जमिनीखालच्या खोलीचे मालक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. पूर्वानुभवाची अट नाही. हातोडी धरता येत नसली तरी हरकत नाही. पहिल्या सहा पायऱ्यांत ती लागतच नाही.

उद्दिष्ट: टीव्ही, टेबल टेनिस, मंडळाच्या एकांकिकेच्या तालमी आणि मे महिन्यात येऊन ऑक्टोबरात परतणारे आईबाबा, या सगळ्यांना सामावून घेईल अशी उबदार, कोरडी आणि कुबट वास नसलेली जागा.

लागणारा वेळ: बायकोला सांगण्यासाठी, तीन वीकेंड. प्रत्यक्षात, गणपतीपर्यंत. कोणत्या वर्षीच्या, ते लिहून देऊ नये.

साहित्य: प्लास्टिकचा तुकडा, चिकटपट्टी, शिडी, बादली, फावडं. यादीत इन्सुलेशन नाही. छपाईची चूक झालेली नाही.

पायरी १: दुकानात जाऊ नका

शनिवारी सकाळी चहा घेऊन नवशिका थेट हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि गाडीत मावतील तेवढ्या फायबरग्लासच्या गुंडाळ्या घेऊन येतो. हा सल्ला त्याला मंडळातल्या एका काकांनी दिलेला असतो. प्रत्येक मंडळात बेसमेंट स्वतःच्या हातांनी केलेले एक काका असतात. त्यांनी ते नव्वदच्या दशकात केलं: काँक्रीटला लागून लाकडी चौकट, तिच्यात फायबरग्लास, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर ड्रायवॉल. त्या काळी पुष्कळ ठिकाणी असंच करत.

आता त्या भिंतीच्या आत काय चालतं ते पाहा. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते. खोलीतली दमट हवा त्यातून मागे शिरते, थंड काँक्रीटला टेकते आणि तिथे तिचं पाणी होतं. बाहेरच्या मातीतली ओल काँक्रीटमधून आत येत असतेच. दोन्ही पाण्यांना बाहेर पडायला वाट नाही, कारण पुढे प्लास्टिक आहे. भिंतीला रेनकोट घातला खरा, पण पाऊस आतल्या बाजूला राहिला. मग लाकूड, ड्रायवॉलचा कागद आणि अंधार एवढ्या शिदोरीवर बुरशीचा संसार सुखाने चालतो. काकांना हे ठाऊक नाही. त्यांनी ती भिंत पुन्हा उघडलेली नाही.

पायरी २: भिंतीची चौकशी करा

भिंतीवर पांढरी पूड दिसते का? हा लोणा. पाणी काँक्रीटमधून झिरपत आलं, सुकून गेलं आणि बरोबर आणलेले क्षार मागे ठेवून गेलं. तो खरवडून वर पांढरा रंग देण्याची कल्पना तुम्हाला सुचेल. घर विकणाऱ्यालाही तीच सुचली होती.

आता दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवा. दुसरा जमिनीवर चिकटवा. दोन दिवस हात लावू नका आणि कचरा समजून कुणी काढणार नाही अशी व्यवस्था करा. प्लास्टिकच्या मागच्या बाजूला थेंब जमले, तर ओल मातीतून येते आहे. पुढच्या बाजूला जमले, तर ती खोलीतल्या हवेतली आहे. दोन्हीकडे जमले, तर अभिनंदन. तुमचं घर सर्वसाधारण आहे.

पायरी ३: बेसमेंट सोडा, शिडीवर चढा

हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३५० लिटर पाणी होतं. हे सगळं पन्हळीतून खाली येतं. पन्हळ पानांनी तुंबलेली असेल किंवा तिचा पाइप भिंतीच्या बुडाशीच संपत असेल, तर ते पाणी सरळ तुमच्या टेबल टेनिसच्या खोलीकडे निघतं. पन्हळ साफ करा. पाइप लांबवून पाणी भिंतीपासून निदान पाच-सहा फूट दूर सोडा. मग फावडं घ्या आणि घराभोवतीच्या जमिनीला उतार द्या: पहिल्या दहा फुटांत सहा इंच, घरापासून बाहेरच्या दिशेने. बऱ्याच जुन्या घरांत पाया खणून भरलेली माती वर्षानुवर्षं बसत जाते आणि उतार उलटा होतो.

याच पायरीत एक नाजूक काम आहे. बाबांनी गेल्या उन्हाळ्यात भिंतीला लागून मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ त्याला पाइपने पाणी घालत होते. तो वाफा हलवावा लागेल. उताराचं गणित समजावू नका. ‘‘बाबा, तिकडे ऊन जास्त लागतं,’’ एवढंच म्हणा.

पायरी ४: खड्ड्यात बादली ओता

कोपऱ्यात झाकण असलेला खड्डा असेल, तर तो सम्प. फरशीखालचं पाणी त्यात गोळा होतं, तरंगता गोळा वर येतो आणि पंप सुरू होऊन पाणी बाहेर फेकतो. असं व्हायला हवं. बादलीभर पाणी ओतून खात्री करा. बॅटरीवर चालणारा दुसरा पंपही बसवा, कारण वीज जाते ती वादळातच. २०१२च्या सँडी वादळात अनेक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. १ सप्टेंबर २०२१ला आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस आला, तेव्हा नेवार्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पडला.

यानंतर थांबा. बर्फ वितळू द्या, वसंतातला पाऊस होऊन जाऊ द्या आणि प्रत्येक मोठ्या सरीनंतर खाली जाऊन भिंतीचा पाया हाताने चाचपून पाहा. मंडळात कुणी ‘‘काम कुठवर आलं?’’ असं विचारलं तर ‘‘निरीक्षण चालू आहे’’ म्हणा. हे खरं आहे आणि भारदस्तही वाटतं.

पायरी ५: ज्याला वास नाही ते शोधा

रेडॉन हा वायू मातीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होतो आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच ‘‘खाली ओल आहे’’ असा निकाल देणाऱ्या आईलाही तो सापडत नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर याचाच क्रमांक लागतो. चाचणीची पेटी स्वस्त मिळते. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा अधिक आलं तर उपाय करा, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. फरशीखालून पाइप घालून पंख्याने तो वायू छपरावर सोडतात. हे भिंती झाकण्याआधी करावं.

पायरी ६: खिडकी उघडू नका

या मार्गदर्शिकेतली सर्वांत अवघड पायरी हीच.

जुलै महिना. आई जिना उतरते. ‘‘अरे, किती कोंदट आहे इथे! खिडक्या उघड, हवा खेळू दे.’’ आईच्या सल्ल्यामागे आयुष्यभराचे पावसाळे आहेत. उघडीप मिळाली की दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि घर सुकवायचं. पुण्यात ते बरोबरच होतं. तिथे भिंत उन्हात उभी असते आणि हवेइतकीच तापते. इथली भिंत मातीत गाडलेली आहे. बाहेर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा सुमारे २१ अंशांना थंड झाली की तिचं पाणी होऊ लागतं. बेसमेंटच्या भिंतीचा खालचा भाग तेव्हाही सोळा-सतरा अंशांवर असू शकतो. म्हणजे तुम्ही खिडकी उघडून ओल बाहेर घालवत नाही, आत आणता. ‘हवा खेळते’ हे खरं, पण जाताना पाणी ठेवून जाते.

म्हणून उन्हाळ्यात खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर चालू. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याची बादली रोज भरते. तिला नळी लावून पाणी मोरीत सोडा. नाहीतर आई ते पाणी तुळशीला घालेल, आणि तुळस कुठे ठेवली आहे ते पायरी ३ वाचून तपासा.

पायरी ७: आता इन्सुलेशन

इतक्या उशिरा का? कारण भिंत आधी कोरडी व्हावी लागते. ओली भिंत झाकली की ती कोरडी होत नाही. दिसेनाशी होते, एवढंच.

आता मात्र दुकानात जा. एक्सपीएस फोमचे दोन इंच जाडीचे कडक तक्ते आणा. दर इंचाला साधारण आर-५ धरा. उष्णता अडवण्याची ताकद या आर-आकड्यात मोजतात. सलग फोम लावायचा तर एडिसनकडच्या हवामान-पट्ट्यात आर-१० आणि शिकागोकडे आर-१५ मागतात, म्हणून तिकडे थर आणखी जाड हवा. गावाच्या बांधकाम कार्यालयात विचारून परवाना घ्या.

तक्ते फोमला चालणाऱ्या गोंदाने थेट काँक्रीटला चिकटवा. मागे पोकळी ठेवू नका. सांध्यांवर पट्टी, कडांना डब्यातला फोम. खोलीतली हवा काँक्रीटपर्यंत पोचताच कामा नये, एवढंच सूत्र. मग भिंतीच्या माथ्याकडे पाहा, जिथे घराची लाकडी चौकट काँक्रीटवर टेकते. त्या रिम जॉइस्टमधून हिवाळ्यात सर्वांत जास्त थंडी घुसते. तिथे प्रत्येक खणात फोमचा तुकडा कापून बसवा आणि चारही बाजू बुजवा. काम कंटाळवाणं आहे, मान दुखते, आणि म्हणूनच पुष्कळ जण ते सोडून देतात.

त्यापुढे टू बाय फोरची चौकट. फरशीवर टेकणारं लाकूड प्रेशर ट्रीटेडच हवं. प्लास्टिकचा कागद लावू नका, काकांनी स्वतः आणून दिला तरीही. फोम पेट घेतो, म्हणून तो अर्धा इंच जाडीच्या ड्रायवॉलने झाकणं सक्तीचं आहे. ड्रायवॉल फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, म्हणजे कधी पाणी सांडलंच तर तो ते शोषून घेणार नाही.

खाली कुणी झोपणार असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: ५.७ चौरस फुटांची मोकळी जागा, तळ फरशीपासून ४४ इंचांच्या आत. आयडाच्या रात्री न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये तळघरांतल्या घरांत अडकून माणसं गेली. या नियमात काटकसर करू नका.

पायरी ८: गृहप्रवेश

गणपतीच्या मखराचे पुठ्ठ्याचे खोके पुन्हा फरशीवर ठेवू नका. झाकणाच्या प्लास्टिक डब्यांत भरून फळीवर ठेवा. मग मंडळाला जेवायला बोलवा. लोक कार्पेटची तारीफ करतील, टीव्हीचा आकार विचारतील, दिव्यांचा रंग वाखाणतील. फोमचे सांधे तुम्ही किती निगुतीने चिकटवले हे कुणीही विचारणार नाही. काका मात्र भिंतीवर दोनदा थाप मारतील, ‘‘किती लागले?’’ म्हणून विचारतील आणि आकडा ऐकून हसतील.

यावर उपाय एकच: ड्रायवॉल लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. पुढे प्लंबर आला किंवा घर विकायची वेळ आली तर ते कामी येतात. शिवाय रात्रीचे साडेअकरा वाजून गेले आणि पाहुणे उठायचं नाव घेत नसतील, तर रिम जॉइस्टपासून क्रमाने दाखवायला सुरुवात करा.