अलंकारांचा फडशा

संक्रांतीइतका तयार सण दुसरा नाही. दिवाळीत कंदिलाच्या रंगावरून घराघरांत तह होतात, गणपतीच्या मखरावरून भावाभावांत अबोला येतो. संक्रांतीला मात्र सगळं आधीच ठरलेलं. कपडे काळे, दागिने पांढरे, खाली बोरं, वर पतंग. आमच्या पणज्यांनी कॅमेऱ्याचं तोंडही न बघता ठरवलेल्या या रंगसंगतीपुढे भल्याभल्या जाहिरातवाल्यांनी हात टेकावेत. त्यामुळे भाचेसून जेव्हा म्हणाली, "आत्या, बाळाच्या बोरनहाणाचं शूट आहे, स्टायलिंग तुम्ही बघा," तेव्हा मला वाटलं, यात बघायचं काय?

बघायचं पुष्कळ होतं. बोरनहाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, पण शूट मात्र संक्रांतीच्या आधी. कारण फोटो सणाच्या सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले पाहिजेत.

"म्हणजे सण व्हायच्या आधीच सण झाल्याचे फोटो?" माझ्या आईनं, म्हणजे बाळाच्या पणजीनं विचारलं. भाचेसुनेनं मान डोलावली.

"आणि संक्रांत यायच्या आधीच पोराच्या अंगावर काळं?"

यावर कोणी मान डोलावली नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला, स्टुडिओ अंधेरीला. त्यांच्या यादीत मावळा होता, वारकरी होता, कोळी होता, लाल टोपीचा सांताक्लॉजही होता. संक्रांत नव्हती, म्हणून सामान आमचं. हलव्याचे दागिने दादरला छबिलदासच्या गल्लीतून आणले: मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे आणि बासरी. दुकानदारानं हलव्याचं घड्याळ आणि हलव्याचा मोबाइलही पुढे केला. ते जावयांसाठी असतात म्हणे. जावयाच्या हाती बंद मोबाइल देण्याची कल्पना मला आवडली, पण आमचं गिऱ्हाईक दहा महिन्यांचं होतं.

हलवा विकत घ्यायचा म्हटलं की आई अजूनही नाक मुरडते. तिनं तो घरी केलेला आहे. मंद आचेवरच्या परातीत तीळ घ्यायचे, वर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. तो पाक सुकला की पुन्हा चमचाभर, पुन्हा बोटं. दिवसचे दिवस हेच. हवा थंड आणि कोरडी असली तर दाण्यावर काटा फुलतो, दमट असली की दाणा गुळगुळीतच राहतो. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा १६-१७ अंशांवर आला की थंडी पडली म्हणायचं आणि माळ्यावरचे स्वेटर काढायचे. तेवढ्या थंडीनं आपल्याला काटा येतो, हलव्याला येत नाही.

शूटच्या दिवशी बाळ आणि त्याचे आईवडील टॅक्सीनं गेले. स्टायलिस्टनं सामानासकट वेगळं यावं, असा या धंद्यात दंडक असावा. मी मुलुंडहून लोकलनं घाटकोपर गाठलं आणि मेट्रोत शिरले. २०१४ साली ही घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हापासून तिनं नाना तऱ्हेचं सामान पाहिलं असेल. दागिन्यांचा खोका तपासणी यंत्रातून सुखरूप गेला, बोरंही गेली. अडला तो ऊस.

"ये क्या है?"

"गन्ना."

"किसलिए?"

"बच्चे के सिर पर डालने के लिए."

शिपायानं एकदा उसाच्या कांड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि या बाईच्या नादी न लागणंच बरं, अशा चेहऱ्यानं हात हलवला.

फोटोग्राफरनं काळं झबलं पाहून मागे काळाच पडदा लावला. "क्लासी दिसेल," तो म्हणाला. पहिल्या फोटोत अंधारात एक मुकुट, त्याखाली एक गोंडस चेहरा आणि बऱ्याच खाली दोन वाळे तरंगत होते. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला, तर ती म्हणाली, "पोर कुठंय?" मग माझ्या पिशवीतली मोहरी रंगाची पैठणी मागे लागली आणि पोराला हातपाय फुटले.

मुख्य अडचण पुढेच होती. बाळाला दागिन्यांचा उपयोग लगेच कळला. आधी बाजूबंद गेला, कारण तो तोंडाला सर्वांत जवळ. मग हाराचं पदक. पूर्वी देवीदेवतांना साड्या नेसवून, दागिने घालून उभं करणारा राजा रविवर्मा हाही एका अर्थी स्टायलिस्टच की! १८९४ साली त्यानं मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्म्या-सरस्वत्या घरोघरी भिंतींवर गेल्या. पण त्याच्या लक्ष्मीनं कधी हातातलं कमळ खाल्लं नाही. इथे दर दोन फोटोंमागे भाचेसून बाळाच्या तोंडात बोट घालून दाणे काढत होती. घशात अडकेल असं काही नको, अशी डॉक्टरांची तंबी होती. त्यामुळे हरभरे आणि गोळ्या आधीच रद्द झाल्या होत्या, बोरं आणि ऊस बाळापासून हातभर लांब शोभेला मांडले होते. डोक्यावरून ओतायला उरले फक्त चुरमुरे.

ते ओतले. बाळ खुदकन हसलं. फोटोग्राफर म्हणाला, "एक बार और, स्लो मोशन में." आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून चुरमुरे गोळा करायला लागलो, तशी फोनमधून पणजी ओरडली, "अगं, ती लूट आहे! आपण नाही गोळा करायची! पोरांना बोलवा!"

स्टुडिओत कुठली पोरं? दिवे धरणारी दोन होती. त्यांना मराठी येत नसावं, पण 'लूट' कळलं. दुसऱ्यांदा चुरमुरे पडेपर्यंत निम्मी बोरं संपली होती आणि एकाच्या तोंडात उसाचं कांडं होतं. माझी मांडणी पार विस्कटली. त्या दिवसातला बोरनहाणासारखा दिसणारा फोटो तेवढा तोच आला: मुकुट तिरपा, अर्धी बासरी गायब, मागे दोन मुलं ओणवी.

निघताना फोटोग्राफरनं दागिने ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "मुंग्या लागतील."

पुढच्या वर्षी त्याच्या यादीत नवी थीम आली: 'शुगर प्रिन्स'. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या मण्यांचं, धुऊन पुन्हा वापरता येईल असं. भाचेसुनेनं ते आईला दाखवलं. आईनं चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "मग पोर खाणार काय?"