कंसातले आजोबा

संगणकाच्या पडद्यावर ‘जतन करा’ आणि ‘काढून टाका’ ही दोन बटणे सख्ख्या जावांप्रमाणे एकमेकींना खेटून ज्या विद्वानाने बसविली, त्याने महसूल खात्याची मसलत घेतली नव्हती, याविषयी माझी खात्री आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलच्या मुलुखात, जेथे पावसाळ्यात वीज तारेपेक्षा आकाशातच अधिक खेळते, तेथे भात-नागलीच्या तुकड्यांचे हस्तलिखित दप्तर चाले तेव्हा, खातेदार निवर्तला म्हणून त्याचे नाव एका फटकाऱ्यात नाहीसे करण्याची कोणाची छाती नव्हती. तलाठी भाऊसाहेब प्रथम फेरफार वहीत अनुक्रमांक घालून वारसांची नोंद धरीत. सात-बारावर ती नुसती पेन्सिलीने उमटे. हितसंबंधितांना नोटिसा जात, हरकतीस 15 दिवसांची मुदत असे. आणि मंडळ अधिकाऱ्याने ‘मंजूर’ असा शेरा मारून सही केल्यावरच पेन्सिलीची शाई होई व कैलासवासी आजोबांच्या नावाला कंस पडे. आजोबा जात नसत. कंसात बसून नातवंडांची भांडणे पाहत. नोंद नामंजूर झालीच, तर पेन्सिल पुसली जाई, वहीतील नोंद मात्र शेऱ्यासकट राही.

पुढे जिम ग्रे या अमेरिकन पंडिताने 1981 साली ‘ट्रान्झॅक्शन’, म्हणजे संगणकातील व्यवहार, या कल्पनेवर निबंध लिहिला, आणि 1983 साली हार्डर व रॉयटर या जर्मन जोडीने तिच्या चार लक्षणांना ‘अ‍ॅसिड’ असे जळजळीत नाव दिले. त्यांतले पहिले लक्षण असे, की व्यवहार व्हावा तर सगळा व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये; कारण विकणाऱ्याचे नाव कमी होऊन घेणाऱ्याचे चढण्याच्या आतच वीज गेली, तर मधल्या घटकेपुरता जमिनीचा धनी कोण? ग्रेसाहेबांविषयी मला नितांत आदर आहे. त्यांना 1998 चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले तेही यथायोग्यच. पण अटी तपासल्यावाचून नोंद कायम करू नये, हे हरसूलच्या आदिवासी खातेदाराला जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ ने केव्हाच शिकविले आहे: बिगर-आदिवासीच्या नावे जमीन करावयाची, तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आधी, फेरफार मागाहून.

आमचे संगणकवीर मात्र रकाना भरताक्षणी तो कायम करून मोकळे होतात आणि वर ‘आपली खात्री आहे का?’ असे पुसतात. खात्री असती, तर मनुष्य कचेरीत कशाला आला असता? ऑनलाइन सात-बारावरही ‘प्रलंबित फेरफार’ असा मजकूर शासनाने राखला आहे. तेव्हा बटण रंगविण्यापूर्वी, संगणकवाल्यांनो, एकदा तो उतारा काढून वाचा.