२०० बारचे गुरुजी

गावात कुणाकडे बंदूक असली की लोक त्याच्याशी जरा दबून बोलतात. सिहोऱ्यातल्या आमच्या गुरुजींचं तसं नाही. त्यांची बंदूक ओट्यावर आली की लोक हळूच सायकलीवर टांग टाकतात. धाक छऱ्याचा नाही, स्पष्टीकरणाचा आहे.

गुरुजी विज्ञान शिकवून निवृत्त झाले, शिकवणं मात्र सुटलं नाही. त्यांची एअरगन जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीसारखी मधोमध मोडते. म्हणून नवखा माणूस दात-ओठ खाऊन नळी ओढतो, आणि ती अलगद खाली येते.

"ढिल्ली झाली जी, गुर्जी!"

झालं, तास सुरू. "फुग्याच्या बंदुकीत नळी मोडली की जोरदार स्प्रिंग दबते. हिच्यात हवा आधीच भरून ठेवलेली. नळी मोडायची ती फक्त छर्रा घालायला आन् घोडा चढवायला. काय समजलं?"

समोरच्याला इतकंच समजतं, की तुमसरची गाडी चुकली.

ही हवा थोडीथोडकी नाही. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, हिच्या नळकांड्यात २००. गुरुजी उभ्या हातपंपावर अंग टाकून ती भरतात. पंप तापला की थांबावं लागतं. त्या विश्रांतीत २०१६चे शस्त्र नियम येतात: ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी, २० जूलपर्यंतची ताकद, परवाना नको. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, हे तर गल्लीतल्या शेळ्यांनाही पाठ आहे. स्पर्धेतल्या बंदुकाही भरलेल्या हवेवरच चालतात आणि १० गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. तसलाच कागद गुरुजींनी गोठ्याच्या भिंतीवर लावलाय. कागद पिवळा पडला, भोक अजून पडायचंय.

कारण हवा टिकली तर नेम धरायचा. रात्री दाबाचा काटा २००वर, सकाळी १६०वर. मग काकूंचा साबण गायब होतो. गुरुजी सांध्यासांध्यावर फेस लावून बुडबुडा शोधतात. सापडला की रबराची ओ-रिंग बदलायची, तिला सिलिकॉन ग्रीसच लावायचं. दाबलेल्या तापलेल्या हवेत साधं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून खोबरेल घेऊन आलेल्या शेजाऱ्याला त्यांनी अंगणातूनच परत पाठवलं. रोवणीच्या दिवसांत हवेसोबत ओल आत जाते. तिच्यावर उपाय म्हणून गावात कुणी नवे बूट घेतले की खोक्यातली सिलिका जेलची पुडी गुरुजींकडे जमा करावी लागते.

"अजी, एवढी सेवा माही केली असती तं!" काकू म्हणतात.

"तुझा दाब उतरत नाही," गुरुजी काट्यावरची नजर न काढता म्हणतात.

मध्यंतरी धुऱ्यावरच्या तुरीत वानरं उतरली. पोरं धावत आली, "गुर्जी, बंदूक काढा नं जी!" गुरुजींनी आधी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ समजावला. वानराला छर्रा मारणं गुन्हा. मग नुसता आवाज करा, असं ठरलं. पंप सुरू झाला. काटा दीडशेवर येईतो वानरं तूर आटोपून बावनथडी नदीच्या दिशेने गेली होती. तरी गुरुजींनी एक बार काढलाच. "फुस्स" झालं. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या वानराने वळून पाहिलं आणि पुन्हा शेंग सोलायला घेतली.

शेवटी काकूंनीच गोंदियाचा एक गिऱ्हाईक आणला. तो रोख पैसे घेऊन आला. गुरुजींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि शिकवणी सुरू केली. पंप झाला, ओल झाली, ओ-रिंग झाली. दिवेलागणीला त्याने धीर करून विचारलं, "पण मारायची कशी जी?"

"तो धडा उद्या," गुरुजी म्हणाले.

गिऱ्हाईक खिशातले पैसे चाचपत उठला. काकू अजून त्याची वाट पाहतात. गुरुजींनी मात्र उद्याच्या धड्याची टिपणं काढून ठेवली आहेत.