बिरवाडीत वायफाय गेल्यास करावयाचे विधी

गणपतीला मुंबईची मंडळी महाडजवळच्या बिरवाडीत उतरली की घरातलं वायफाय गपगार होतं. एरवी तीन फोन सांभाळणाऱ्या राउटरच्या गळ्यात पंधरा फोन, टीव्ही आणि भाचीचा लॅपटॉप पडतो. अशा वेळी यजमानाने प्रथम कंपनीच्या नावाने बोटं मोडावीत, मग प्लग काढून तीसपर्यंत आकडे मोजावेत आणि पुन्हा लावावा. हसू नये. अडकलेला राउटर नव्याने सुरू झाला की बऱ्याचदा खरोखर वठणीवर येतो.

दुसरा विधी स्थानशुद्धीचा. राउटर सहसा माजघरात, लोखंडी कपाटाच्या मागे, क्रोशाच्या रुमालाखाली विराजमान असतो. पत्रा लहरी परतवून लावतो, जांभ्याची जाड भिंत त्यांचा दम काढते आणि पाण्याने भरलेलं पिंप त्या गिळूनच टाकतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण भिंत आली की थकतात. म्हणून पडवीतल्या आजोबांना पहिल्या द्याव्यात, राउटरशेजारच्या भाचीला दुसऱ्या. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. मोदक गरम होताना आजोबांचं कीर्तन अडखळलं, तर शंका तिथे घ्यावी. चाळवजा वस्तीत शेजाऱ्यांचे राउटरही एकाच वाहिनीवर गर्दी करतात; २.४ मध्ये १, ६ आणि ११ याच तीन वाहिन्या एकमेकींच्या पायावर पाय न देता चालतात.

आता खरा प्रश्न: बिघाड घरातला की बाहेरचा?

उत्तर डब्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं, म्हणून कोणी वाचत नाही. ‘एलओएस’ या अक्षरांपाशी लाल दिवा लागला, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचत नाही. मग प्लग काढा, राउटर हलवा, समोर नारळ ठेवा, फरक शून्य. प्रकाश वाहणारा काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. खिळ्याला घट्ट वेटोळं घातलं की प्रकाश वळणावरच सांडतो. बाहेर तर ही काळी वायर फणसाच्या फांद्यांतून येते. वानरांना ती झोपाळा वाटते आणि जेसीबीला दिसतच नाही. (जुलै २०२१ च्या महापुरात महाडकडे वीज आणि फोन दोन्ही गेले, तेव्हा राउटरची आठवण कोणाला झाली नाही.)

शेवटी केबलवाला येतो. छत्रीखाली उकिडवा बसून तंतूची दोन टोकं सोलतो, पुसतो, काटकोनात कापतो, यंत्रात समोरासमोर ठेवतो. विजेची बारीक ठिणगी पडते, काच वितळून एकजीव होते. घरात दिवा हिरवा.

“काका, पासवर्ड सांगा, चेक करतो.”

काकांनी तो गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर, जूनच्या पानामागे लिहून ठेवला होता. त्या पानावर काकूंनी मे महिन्यातच पोह्याचे पापड घातले होते.