माझं नाव नको हं!

“आण इकडे, नुसतं जरा बघते,” असं म्हणत मावशींनी तुमचा लेख हातात घेतला, की आपण उठून सँडरिंगहॅम रोडवर कोथिंबीर-कढीपत्ता आणायला निघून जावं. समोर बसून ते बघवत नाही. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल निघते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि समासात त्या जुन्या, छापखान्यातल्या खुणा उमटायला लागतात. परत येईपर्यंत लेखातलं शीर्षक तेवढं तुमचं उरतं. तेही दरवेळी नाही.

मावशी मूळच्या नगरच्या. जिल्ह्याचं नाव बदललं, त्यांच्या तोंडी नगरच आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलगा ऑकलंडला म्हणून इकडे आल्या. इथल्या मराठी मंडळाची दिवाळीची स्मरणिका, कुणाच्या मुंजीची पत्रिका, मराठी उपासनेचं पत्रक, कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दारावरची समोशांची पाटी (इथे किराणाच्या छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात, दुधाशी त्याचा संबंध बेताचाच), सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पण आमच्या आरतीसंग्रहातल्या चुका काढल्या त्यांनीच, आणि तेव्हापासून गुरुजीसुद्धा पूजेचं पत्रक आधी त्यांना दाखवतात.

व्हॉट्सॲपवर त्यांचा धाक आहे. शुभेच्छांचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की लगेच खाजगी संदेश येतो. दुःखद बातमीला मात्र त्या माणुसकीने वागतात. ‘श्रध्दांजली’ असं लिहिणाऱ्याला दुरुस्ती कळवण्याआधी तेरावा होऊ देतात.

तपासलेले कागद एप्रिलात परत आले तर सोबत फिजोआ फळांची पिशवी असते. घरचं झाड आहे आणि त्या दिवसांत या देशात फिजोआ कुणी विकत घेत नाही, एकमेकांच्या गळ्यात मारतात. पिशवी हातात देताना त्यांचं ते ठरलेलं वाक्य येतं, “माझं नाव नको हं कुठे! एवढं काय केलंय मी?”

एवढं म्हणजे, सबंध अंक.

मंडळाची सहल बे ऑफ आयलंड्सला गेली होती. बाकीची मंडळी डॉल्फिन बघायला बोटीवर चढली. मावशी पाहियाच्या किनाऱ्यावर उभ्या राहून मला मिशनच्या छापखान्याची गोष्ट सांगत होत्या. ३० डिसेंबर १८३४ला तो इथे गलबतातून आला. विल्यम कोलेन्सो हा तेवीस वर्षांचा मुद्रक पेट्या उघडून बघतो तर अक्षरांचे खिळे आहेत, पण ते ठेवायच्या केसी नाहीत. जुळवायची स्टिक नाही. कागदाचा तर पत्ताच नाही. मग मिशनऱ्यांच्या बायकांनी घरी पत्रं लिहायला जपून ठेवलेले कोरे कागद काढून दिले. त्यावर फेब्रुवारी १८३५मध्ये इफिसकर आणि फिलिप्पैकर यांना लिहिलेली पत्रं माओरीत छापली गेली. प्रती पंचवीस, वेष्टण गुलाबी टीपकागदाचं.

“म्हणजे बघ, कागदसुद्धा बायकांचा,” मावशी म्हणाल्या. “आणि त्या महिन्यात माहेरी पत्र गेलं नसणार ते वेगळंच.”

पण त्यांचा खरा जीव आहे तो एलिझाबेथवर. १८२१ साली केरीकेरीला जन्मलेली मिशनऱ्याची मुलगी, माओरी लहानपणापासून तोंडात. १८४३मध्ये या कोलेन्सोशीच तिचं लग्न झालं. त्याला बायकोपेक्षा माओरी जाणणारी मदतनीस हवी होती, असं मावशींचं स्पष्ट मत. दहाएक वर्षांत संसार मोडला. चूक नवऱ्याची. तपशील विचारला तर मावशी सांगत नाहीत, फक्त पेन्सिल जरा जोरात टेबलावर ठेवतात. बाई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. तिथे राणी व्हिक्टोरियापुढे माओरी पाहुण्यांची दुभाषी झाली, आणि माओरी बायबलची प्रुफं तपासत बसली. १८६८मध्ये ते सबंध बायबल निघालं.

“तिचं नाव कुठेच नाही,” मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, “मावशी, बायबलवर अनुवादकाचं नाव नसतंच की. पुरुषांचंही नव्हतं.”

“नसतं ना. पण पुरुषांचं नसलं तरी लोकांना ठाऊक असतं.”

यावर उत्तर नव्हतं. डॉल्फिनवाले परत येईपर्यंत मी वडापाव खाल्ला.

पुढे फेरीने रसेलला गेलो. तिथे पाँपालिए बिशपांचा जुना छापखाना जपून ठेवला आहे. १८४०च्या दशकात कॅथलिक मिशनने तिथे माओरी पुस्तकं छापली, बांधली, चामडंही तिथेच कमावलं. माहिती सांगणाऱ्या मुलीने यंत्र फिरवून दाखवलं, सगळ्यांनी फोटो काढले. मावशींनी एकच प्रश्न विचारला, “आणि प्रुफं कोण वाचायचं?”

आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की मावशी ताठ बसतात. बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात साध्या मराठीत बायबल उतरवलं. तिथल्या मुक्तिसदनातल्या मुलींनी खिळे जुळवले, छपाई केली, बांधणी केली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. सांगतात की, शेवटची प्रुफं जेमतेम हातावेगळी झाली होती. पुस्तक निघालं १९२४मध्ये. “प्रुफं संपवून गेल्या ते बरं केलं,” मावशी म्हणतात, “नाहीतर वर जाऊन चैन पडलं नसतं.” हे त्या स्वतःबद्दल बोलत आहेत हे आम्ही ओळखतो, पण बोलत नाही.

पेन्सिल बाजूला ठेवून वाचतात त्या फक्त लक्ष्मीबाई टिळकांना. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने निघालं. मावशींची प्रत आता धाग्याने बांधून ठेवावी लागते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईच्या एका वाक्याला हात लावायची आपली छाती नाही, हे त्या कबूल करतात. मी एकदा सुचवून पाहिलं की, लक्ष्मीबाईंनी पुस्तकावर आपलं नाव घातलं होतं बरं का. मावशी म्हणाल्या, “चहा घेतोस?”

गेल्या वर्षीची स्मरणिका आली. मावशी अंक नेहमी मागून उघडतात, सवय आहे म्हणतात. आभाराच्या पानावर ध्वनिव्यवस्था, समोसे, खुर्च्या लावणारी पोरं, व्हॅन देणारे, सगळे होते. मावशी नव्हत्या. आणि तेवढं एकच पान तपासायला त्यांच्याकडे गेलं नव्हतं. मावशींनी काही म्हटलं नाही. पेन्सिल काढून त्या एका पानातल्या सात चुका दुरुस्त केल्या आणि अंक मिटला.

तेव्हा संपादक मंडळाला विनंती आहे, यंदा आभाराचं पानही मावशींकडे पाठवा, आणि त्यात त्यांचं नाव घालूनच पाठवा. त्या ते खोडतील. त्यांची बाकीची प्रत्येक दुरुस्ती माना, एवढी एक मानू नका. मात्र आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासून घ्या.