एकच भाव!

टीव्हीच्या जुन्या लहरींशी घासाघीस करता यायची. अँटेना इकडे वळवला की चित्र यायचं पण आवाज जायचा. तिकडे वळवला की आवाज खणखणीत, पण चित्राला मुंग्या. मग "आवाज असू दे, मुंग्या तेवढ्या कमी करा" असं म्हणत मधल्या कुठल्यातरी कोनावर सौदा तुटायचा. आमचे बाबा या व्यवहारातलं मुरलेलं गिऱ्हाईक. पुण्याच्या गच्चीवर सिंहगडच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना फिरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि खालून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडण्यात आमचं बालपण.

त्यामुळे 2009च्या एप्रिलात आईबाबा न्यू जर्सीत आमच्याकडे राहायला आले आणि टीव्हीवर दोन दांड्यांचा अँटेना दिसला, तेव्हा बाबांना परदेशात आल्यासारखं वाटेचना. सिंहगडच्या जागी एम्पायर स्टेट बिल्डिंग, एवढाच काय तो फरक. तीही आमच्या एडिसनहून ईशान्येला. "देवघराची दिशा," असं म्हणून आईनंही टीव्हीच्या जागेला मान्यता दिली.

पण अमेरिकेनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करून डिजिटलवर जायचं ठरवलं होतं. आधीची तारीख 17 फेब्रुवारी. जुन्या टीव्हीला कन्व्हर्टर बॉक्स लागणार, म्हणून सरकार घरटी 40 डॉलरची दोन कुपनं देत होतं. जानेवारीतच कुपनांचा पैसा संपला, लोक ताटकळले, आणि खुद्द संसदेनं कायदा करून तारीख 12 जूनवर ढकलली. "वा! म्हणजे इथंही पुढची तारीख मिळते," बाबा खूश झाले.

कुपन 90 दिवसांत बाद होतं आणि एका बॉक्सला दोन कुपनं चालत नाहीत, हे नियम आमच्या हिला तोंडपाठ. दुसरं कुपन वाया जाऊ नये म्हणून तिनं दुसरा बॉक्स घेतला आणि तो बॉक्स वाया जाऊ नये म्हणून गराज सेलमधून दुसरा टीव्ही.

बॉक्स जोडला आणि चित्र असं लख्ख आलं की निवेदकाच्या गालावरची पावडर मोजून घ्यावी. एका चॅनेलच्या पोटातून आणखी दोन-तीन निघाली. बाबा मात्र अस्वस्थ. चित्राला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं! तेवढ्यात खिडकीबाहेरून एक ट्रक गेला, निवेदकाच्या चेहऱ्याचे चौकोन झाले आणि पडदा काळा. डिजिटलचा स्वभावच तसा. लहर क्षीण झाली तरी बॉक्स आतल्या आत चुका दुरुस्त करत राहतो, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. दुरुस्ती हाताबाहेर गेली की एकदम दुकान बंद. मुंग्यांसकट, अर्ध्या किमतीत, काही मिळत नाही.

बाबांनी अँटेना केसभर हलवला. "आलं का?" आता बॉक्सला उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद लागतात. तोवर बाबा पुढच्या कोनावर. आई इमानदारीत "आलं!" म्हणायची ती मागच्या कोनाबद्दल.

12 जूनचा शुक्रवार उजाडला. बॉक्सवाले निर्धास्त होते आणि नेमकी त्यांचीच फजिती झाली. न्यूयॉर्कच्या 7, 11 आणि 13 नंबरच्या चॅनेलांचं डिजिटल प्रक्षेपण इतके दिवस यूएचएफ पट्ट्यातल्या भाड्याच्या जागेत होतं. त्या दिवशी ती सगळी व्हीएचएफ पट्ट्यातल्या आपापल्या जुन्या घरी परतली. बॉक्स बिचारा जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसला. पुन्हा स्कॅन करणं आलं. शिवाय व्हीएचएफला अँटेनाची गोल कडी पुरेना, लांब दांड्याच हव्यात. बाबांनी बाह्या सरसावल्या. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांच्या हाताला मागणी आली होती.

संध्याकाळी, तिन्ही चॅनेलं ठिकाणावर आल्यावर, त्यांनी विचारलं, "मग अ‍ॅनालॉग बंद करून रिकाम्या झालेल्या लहरींचं काय केलं?" मी सांगितलं की सरकारनं 2008 मध्येच लिलाव करून त्या मोबाइल कंपन्यांना विकल्या. आले जवळपास 19 अब्ज डॉलर.

बाबा रुपयांत हिशेब करू लागले. आईला हिशेबाची गरज नव्हती.

"म्हणजे बोहारीणच की! जुनं ते सगळं नेलं आणि हातावर एक डबा ठेवला," ती म्हणाली. "पण आमच्या बोहारणीकडून वर एखादा चमचा तरी उकळता यायचा."