विनोदखात्यातील खांदेपालट

मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी अमेरिकेस जाण्याचे आमच्या कुटुंबाने ठरविले, तेव्हा बरोबर न्यावयाच्या वस्तूंच्या यादीत डिंकाचे लाडू, वेखंड, बाळंतशेपा, जुन्या मऊ धोतरांची दुपटी आणि सर्वांत शेवटी मी, असा क्रम लागला होता. १९८० च्या नोव्हेंबरात हे सर्व सामान न्यू जर्सीतील जावईबापूंच्या बिऱ्हाडी सुखरूप पोहोचले. नातू झाल्याशिवाय लेकीच्या घरी अन्न घेऊ नये, असा पूर्वजांचा दंडक आहे खरा. परंतु तो घालून देणाऱ्यांच्या लेकी फार तर दोन कोसांवर नांदत असल्यामुळे, दोन महिने उपाशी राहण्याची तरतूद त्यांनी केलेली नव्हती आणि मीही ती केली नाही.

घर दोन खोल्यांचे. दिवाणखान्यातील ज्या सोफ्याचा रात्री पलंग होई, तो माझ्या वहिवाटीस आला आणि त्याच्या थेट समोर दूरचित्रवाणी संच असल्यामुळे, शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, म्हणजे मी निद्रेच्या सीमेवर जकात भरून पलीकडे जाण्याच्या बेतात असताना, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ नावाचा विनोदी कार्यक्रम माझ्या अंगावर येई. “नाना, त्रास नाही ना होणार?” असे जावईबापू अत्यंत आदराने विचारीत आणि उत्तराची प्रतीक्षा न करता माझ्या पायथ्याशी बसत.

या कार्यक्रमाची हकिकत त्यांनीच मला सांगितली. १९७५ च्या ऑक्टोबरात लॉर्न मायकल्स नावाच्या एका कॅनडियन तरुणाने तो सुरू केला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझातील ज्या आठव्या मजल्यावरच्या सभागृहातून एके काळी आर्तुरो तोस्कानिनी एनबीसीच्या वाद्यवृंदाचे संचालन करीत असे, तेथेच आता ही मंडळी सोमवारी कल्पना लढवीत, मंगळवारची रात्र जागून प्रवेश लिहीत, बुधवारी ते सर्वांदेखत वाचून त्यांतले बरेचसे निकालात काढीत आणि शनिवारी रात्री उरलेले, नव्वद मिनिटे, थेट प्रक्षेपणाने देशाच्या माथी मारीत. नट संवाद पाठ करीत नाहीत. कॅमेऱ्याच्या बाजूस धरलेल्या मोठाल्या पुठ्ठ्यांवरून वाचतात. आम्ही कचेरीत टिपणे वाचताना खाली पाहत असू, हे समोर पाहतात. बाकी स्वर तोच.

पाच वर्षे हा कारभार उत्तम चालला. मग १९८० मध्ये मायकल्स निघून गेला आणि त्याच्यामागोमाग नट आणि लेखक यांचा जवळजवळ अवघा ताफा उठला. रिकाम्या गादीवर जीन डूमेनियन या बाई रुजू झाल्या. पूर्वीच्या अमदानीत पाहुणे आणि गाणारे-बजावणारे ठरवून आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. मी तीस वर्षे महसूल खात्यात अव्वल कारकुनापर्यंत चढत गेलेला मनुष्य. एवढे ऐकताच मला पुढचे सारे दिसू लागले. नव्या अंमलदारास चार्ज देताना दप्तरे मोजून देतात, शिक्के देतात, खजिन्याच्या किल्ल्या देतात, इतकेच काय, फुटक्या माठाचीही नोंद होते. परंतु कोणते कपाट लाथ मारल्यावाचून उघडत नाही, हे ज्या एका शिपायास ठाऊक असते, तो नेमका आदल्याच दिवशी पेन्शनीत निघालेला असतो. या बाईंच्या वाट्यास तर कपाटांखेरीज काहीच आले नव्हते.

पहिला प्रयोग १५ नोव्हेंबरचा. पाहुणा नट एलियट गूल्ड आणि नवे कलावंत असे सगळे एकाच पलंगावर एकाच पांघरुणाखालून प्रगट झाले आणि आपण जुन्यांपैकी कोणाकोणाच्या मिश्रणातून सिद्ध झालो आहोत, हे एकेक करून सांगू लागले. आमचे कुटुंब “शिव, शिव” म्हणत उठून गेले. त्यांचा आक्षेप पलंगाला होता. माझा आक्षेप निराळा होता: नव्याने हजर झालेल्या कारकुनाने पहिल्याच दिवशी आपल्या पूर्वाधिकाऱ्यांची नावे घ्यावयाची नसतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. माझे इंग्रजी कलेक्टरास खलिते लिहिण्याइतके पक्के असले, तरी त्या इंग्रजीत हसण्याची सोय नव्हती. दुकानात, शेजाऱ्यांच्या घरी, इस्पितळाच्या उद्वाहनातसुद्धा, सगळे हसत आणि मी एकटा, कोणाचे तरी निधन झाल्यासारखा उभा राही. परंतु शनिवारी रात्री चमत्कार घडे. चुरचुरीत म्हणून योजलेले वाक्य पडद्यावरून उच्चारले जाई. ते मला कळत नसे. मी दचकून सभोवार पाही, तो जावईबापू गप्प, सभागृहातील श्रोते गप्प आणि ते वाक्य बोलणारा नटही क्षणभर पुठ्ठ्याकडे संशयाने पाहतो आहे! त्या खंडात पाऊल ठेवल्यापासून प्रथमच मी तेथील नागरिकांच्या बरोबरीने, त्यांच्याइतक्याच अधिकाराने, हसत नव्हतो. जावईबापूंचा चेहरा शनिवारगणिक शोकसभेच्या अध्यक्षासारखा होत चालला होता. मी मात्र शुक्रवारपासूनच प्रफुल्लित दिसे, आणि हा अमेरिकेच्या हवेचा गुण आहे, असे कुटुंबाने घरी पत्रातही कळविले.

या समतेला पहिला तडा १० जानेवारीस गेला. त्या रात्री कार्यक्रम काही मिनिटे आधीच संपू लागला आणि भरती कशाने करावी, अशा विवंचनेत त्यांनी एका पोरास एकट्याने पुढे लोटले. एडी मर्फी, वय वर्षे एकोणीस. आमच्या कचेरीच्या भाषेत निव्वळ उमेदवार, ज्याला हजेरीपटाच्या तळाशी शिसपेन्सिलीने लिहितात. पोरगा उभा राहिला, बोलू लागला आणि लोक हसले. जावईबापूंनी मांडीवर थाप मारली. ती मांडी माझी होती. मी परका झालो. त्याच महिन्यात नातू झाल्यामुळे हे दुःख मी गिळले.

पुढे २१ फेब्रुवारी आली. ‘डॅलस’ नामक मालिकेतील जे. आर. यास कोणी गोळी घातली, या प्रश्नाने त्याच हिवाळ्याच्या प्रारंभी अवघे राष्ट्र व्याकुळ झाले होते. त्याची नक्कल म्हणून या लोकांनी आपल्या चार्ल्स रॉकेट नामक नटास गोळी घातल्याचा देखावा केला. अखेरीस चाकांच्या खुर्चीत बसलेल्या त्या गृहस्थास, गोळी लागल्यावर कसे वाटते, असे विचारता त्याने थेट प्रक्षेपणात एक शब्द उच्चारला. त्याचा अर्थ मी विचारला, तेव्हा जावईबापू पाणी पिण्यास म्हणून स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ परतले नाहीत. महसूल खात्यात अनुभव घेतलेल्या माणसास शब्दार्थाची फारशी अडचण पडत नाही. तरीही जावयाचा मान म्हणून मी अज्ञान कायम ठेवले.

७ मार्चला जुन्या मंडळींपैकी बिल मरी पाहुणा होऊन आला, आणि त्या प्रयोगानंतर बाई बरतर्फ झाल्या. पहिल्या प्रयोगापासून पुरते चार महिनेही न भरता आणि अवघ्या बारा प्रयोगांत! आमच्याकडे एवढ्या मुदतीत कारणे दाखवा नोटिशीचा मसुदासुद्धा साहेबांच्या टेबलावर पोहोचत नाही. नवे अंमलदार डिक एबरसॉल यांनी येताच काहींना नारळ दिला. पुढच्या हंगामापर्यंत त्या नटवर्गातून मर्फी आणि जो पिस्कोपो हे दोघेच शिल्लक राहिले. एबरसॉल यांचा पहिला प्रयोग ११ एप्रिलला झाला आणि त्याच दिवशी अमेरिकेतील पटकथालेखकांनी संप पुकारल्यामुळे तोच हंगामातला शेवटचा ठरला. लेखकांनी लिहिणे थांबविले म्हणजे लोकांची अडचण होते, ही कल्पना मला नवी होती. आमच्याकडील काही लेखकांची नावे त्या वेळी डोळ्यांपुढे तरळून गेली, असो.

मग शनिवारी जुने भाग लागू लागले. पहिल्या पाच वर्षांतले, कीर्तिमान. एकेका वाक्यास सभागृह कोसळत होते. जावईबापू हसता हसता सोफ्यावरून खाली घसरले, मुलगी पदराने डोळे पुशीत होती आणि तीन महिन्यांचा नातूसुद्धा, कोणाचा वसा घेऊन देव जाणे, त्या संचाकडे पाहून खिदळत होता. मी थोडा वेळ बसलो. नंतर हळूच उठून कपाटातील पेटीतून विमानाचे तिकीट काढले आणि परतीची तारीख पुन्हा एकदा वाचून आलो.